पोर्टेबल एसीवर सेन्सरचा कोड पुन्हा पुन्हा येतो? कार्ड बदलायच्या आधी हे तपासा

पुढच्यापैकी एखादं लक्षण दिसत असेल तर ही माहिती तुमच्या कामाची आहे.

- मशीन चालू करताच किंवा मिनिटभरात पडद्यावर ई१, ई२ (काही कंपन्यांत एफ१, एफ२) येतं आणि कंप्रेसर लागतच नाही.
- दहा-वीस मिनिटं बरं चालतं, मग पी१, एफटी किंवा एच८ असा कोड येऊन कंप्रेसर बंद पडतो, नुसता पंखा फिरत राहतो.
- कोड काहीच नाही, पण खोली भट्टीसारखी तापलेली असताना पडदा १८ अंश दाखवतो आणि कंप्रेसर पाच मिनिटांत थांबतो.
- किंवा याच्या उलट: कंप्रेसर थांबायचं नावच घेत नाही आणि जाळीमागे कॉइलवर (हवा गार करणाऱ्या नळ्या-पत्र्यांवर) बर्फ धरतो.
- मशीन या खोलीतून त्या खोलीत सरकवलं की कोड येतो, पुन्हा हलवलं की जातो.

कोडची अक्षरं कंपनीगणिक बदलतात. बऱ्याच मशीनमध्ये ई१ खोलीच्या सेन्सरचा, ई२ कॉइलच्या सेन्सरचा आणि पी१ खालच्या टाकीत पाणी भरल्याचा असतो, पण हे गृहीत धरू नका. पुस्तिका हरवली असेल तर मागच्या स्टिकरवरच्या मॉडेल नंबरावरून ती मोबाइलवर सापडते.

कोड कोणता, यापेक्षा तो कधी येतो यावरून जास्त कळतं. चालू करताच आला तर सेन्सर, त्याची वायर किंवा कार्ड (मशीन चालवणारी आतली इलेक्ट्रॉनिक पाटी). दहा-वीस मिनिटांनी आला तर पाणी, बर्फ किंवा कोंडलेली हवा. फक्त भर दुपारी किंवा मोटरपंप सुरू असतानाच येत असेल तर उष्णता नाहीतर व्होल्टेज. हलवल्यावर येत असेल तर ढिला कनेक्टर, यात फारशी शंका नको. हे आधी दोन दिवस नीट बघून ठेवा, निम्मं काम तिथेच होतं.

दोन गोष्टी बिघाडात धरू नका. लाईन जाऊन आली की कंप्रेसर साधारण तीन मिनिटं लागत नाही. आतल्या गॅसचा दाब समान व्हावा म्हणून ती मुद्दाम ठेवलेली सोय आहे. आणि कॉइल फार गार झाली की मशीन स्वतःहून कंप्रेसर थांबवून पंख्याने बर्फ वितळवतं, तेही बरोबरच आहे.

सेन्सर करतो काय

बहुतेक पोर्टेबल एसीत तापमानाचे दोन सेन्सर असतात. एक हवा आत ओढणाऱ्या जाळीमागे, काळ्या थेंबासारख्या टोकाचा. तो खोलीचं तापमान सांगतो. दुसरा तांब्याच्या टोपीचा, कॉइलला जोडलेल्या छोट्या नळीत खोचलेला. दोन्ही थर्मिस्टर असतात, म्हणजे गरम झाले की त्यांचा रोध (विजेला होणारा अडथळा) कमी होतो, गार झाले की वाढतो. हे एक वाक्य लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर आहे. तिसरा टाकीतला फ्लोट. तो तापमान मोजत नाही, पाणी वर आलं की फक्त एक स्विच दाबतो.

सेन्सर हा दोन-तीनशे रुपयांच्या आतला भाग, कार्ड काही हजारांचं. म्हणून "कार्ड गेलं" हे ऐकल्यावर लगेच मान डोलावू नका. खरं तर बऱ्याच वेळा सेन्सरही गेलेला नसतो. तो जे बघतो तेच सांगत असतो, आणि चूक त्याच्या आजूबाजूला असते.

१. प्लग काढा, व्होल्टेज बघा

रिमोटने बंद करून उपयोग नाही. प्लग काढून दहा मिनिटं थांबा, मग लावा. व्होल्टेजच्या झटक्याने कार्डावरचा मायक्रोकंट्रोलर (मशीनचा छोटा मेंदू) अडकला असेल तर कोड जातो. चार-आठ दिवस आलाच नाही तर सेन्सरला हात लावायचं कारण नाही, आता वीज तपासायची.

स्टॅबिलायझरचा आकडा कंप्रेसर चालू असताना वाचा, बंद असताना नाही. घर आणि शेतीपंप एकाच डीपीवर असतील तर पंप लागताच व्होल्टेज धाडकन खाली येतं. एसी २३० व्होल्टसाठी बनलेला असतो. आकडा १८०-१९०च्या खाली राहत असेल तर कंप्रेसर कण्हत चालतो आणि कार्डाचा पुरवठाही डगमगतो. एक टनाचं मशीन साधारण १,२०० ते १,४०० वॉट खातं, म्हणून १६ अँपिअरचं सॉकेट आणि जाड वायर हवी. कूलर ज्या एक्स्टेंशनवर चालतो त्यावर हे लावू नका. प्लग काढल्यावर त्याच्या पिना हाताला चटका देत असतील तर दोष सॉकेटात आहे, आधी ते बदला.

२. रिमोट कुठे ठेवता?

काही रिमोटवर 'फॉलो मी' किंवा 'आय फील' असं बटण असतं. ते दाबलं गेलं की मशीन स्वतःच्या सेन्सरऐवजी रिमोटमधल्या सेन्सरचं ऐकतं. मग रिमोट उन्हाच्या कवडशात असेल तर कंप्रेसर थांबत नाही, आणि एसीच्या झोतासमोर खाटेवर पडला असेल तर लगेच थांबतो. बटण बंद करा आणि तासभर बघा. यात पैसा लागत नाही, पण लोक हे शेवटी तपासतात.

३. टाकी आणि फ्लोट

पी१ किंवा पाणी भरल्याचा कोड असेल तर प्लग काढा. मागे अगदी खाली रबरी बूच असतं, त्याखाली कमी उंचीची परात सरकवून बूच काढा आणि मशीन किंचित मागे कलवा. पाणी निघालं की बूच घट्ट लावा, नाहीतर रात्रभर फरशीवर ओघळ येतो.

आता खरा प्रश्न: पाणी आलं कुठून? मे महिन्यात आपल्याकडे विदर्भात दुपारची हवा इतकी कोरडी असते की कॉइलवर पाणी धरतच नाही म्हटलं तरी चालेल. जे थोडं धरतं ते बऱ्याच मशीनमध्ये एक चक्री उडवून गरम कॉइलवर टाकते आणि त्याची वाफ मागच्या पाइपातून बाहेर जाते. तरीही टाकी भरल्याचा कोड येत असेल तर मुख्य शक्यता तीन.

पहिली आणि सगळ्यात नेहमीची म्हणजे त्याच खोलीत कूलर चालू आहे. "दोन्ही लावले की दुप्पट गार" हा समज चुकीचा आहे. कूलर हवेत पाणी सोडतो आणि एसी तेच पाणी काढत बसतो. थंडावा वाढत नाही, टाकी मात्र दोन तासांत भरते. खारपाणपट्ट्यात, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातल्या अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या गावांत, याला आणखी एक फाटा फुटतो. तिथल्या बोअरचं खारं पाणी कूलरच्या ताट्यांतून तुषार होऊन उडतं, एसीच्या कॉइलवर आणि कनेक्टरवर बसतं आणि पितळी पिना हिरव्या पडतात. दोघांपैकी एकच चालवा. एसी असलेल्या खोलीत कूलरची हवा पंख्याने ढकलणंही टाळा.

दुसरी शक्यता: चक्री अडकली. टाकीतून घरघर आवाज येतो किंवा नेहमीचा पाणी उडल्याचा आवाज बंद होतो. तिसरी: पाणी नाहीच, फ्लोट गाळाने वर चिकटला आहे. बूच काढून थेंबही आला नाही आणि तरी कोड राहिला तर हीच. बुचातून लिटरभर साधं गोडं पाणी आत-बाहेर करून गाळ काढता येतो.

सारवलेल्या किंवा उताराच्या जमिनीवर मशीन कललेलं असेल तर थोडंसं पाणीही फ्लोटच्या बाजूला जमा होतं. खाली सपाट फळी द्या. पावसाळ्यात मात्र टाकी भरणं साहजिकच आहे. जुलैत पी१ रोज आला तर तो बिघाड नाही, बुचाला नळी जोडून ती मोरीत सोडा.

४. जाळी, पाइप आणि खोलीची उष्णता

घरात कापूस साठवलेला असेल, जवळ जिनिंग असेल किंवा अंगणात मळणी झाली असेल तर जाळीवर आठवडाभरात तंतूंचा थर बसतो. हवा कमी पडली की कॉइल शून्याखाली जाते, बर्फ धरतो, कॉइलचा सेन्सर ते ओळखून कंप्रेसर थांबवतो. म्हणजे सेन्सरने काम चोख केलं आणि दोष त्याच्यावर आला. जाळी साध्या पाण्याने धुऊन सावलीत पूर्ण वाळवा. कापसाच्या घरात आठवड्याला, एरवी पंधरवड्याला. ओली जाळी बसवू नका.

गरम हवेचा पाइप कंपनीने दिला तेवढाच ठेवा. लांबवायचा नाही, मुरडायचा नाही, आणि तो माळ्यावर किंवा शेजारच्या खोलीत सोडायचा नाही. कवेलूच्या (कौलारू) घरात पाइप वर काढला की तीच गरम हवा फटीतून परत येते. एका पाइपाचं मशीन खोलीतलीच हवा बाहेर फेकतं, त्यामुळे तेवढीच बाहेरची हवा दाराच्या, कवेलूच्या फटीतून आत ओढली जाते. बाहेर ४५ अंश असतील तर आत येते ती लूच. फटींना कापड, पोतं जे असेल ते लावा.

पुस्तिकेत खोलीच्या तापमानाची वरची मर्यादा दिलेली असते, पुष्कळ मशीनमध्ये ती ३५ अंश आहे. टिनाच्या खोलीत दुपारी दोनला चाळिसाच्या वर पारा असतो. अशा वेळी पहिल्यांदाच मशीन लावलं तर कंप्रेसरचं ओव्हरलोड (जास्त तापला की त्याला बंद करणारा स्विच) सुटतं, आणि ते निवायला अर्धा-पाऊण तास लागतो. त्याला सेन्सर बदलून काही होत नाही. नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) सकाळी नऊ-दहालाच, खोली तापायच्या आधी सुरू करा.

५. सेन्सर जागेवर आहे का

बाजारातला साधा थर्मामीटर हवा ओढणाऱ्या जाळीला टांगा आणि अर्ध्या तासाने पडद्यावरच्या खोलीच्या तापमानाशी ताडून बघा. पडद्यावर कधीकधी तुम्ही लावलेलं तापमान असतं, खोलीचं नाही. काही मशीनमध्ये पंखा मोडवर टाकलं की खोलीचं दिसतं. दोन-तीन अंशांचा फरक चालतो. पाचाच्या वर असेल तर प्लग काढा, जाळी काढा आणि बॅटरीच्या उजेडात बघा.

खोलीचा सेन्सर प्लास्टिकच्या क्लिपमध्ये, कॉइलपासून सुटा असायला हवा. जाळी धुऊन बसवताना तो क्लिपमधून निसटतो आणि कॉइलच्या पत्र्यांना टेकतो. मग तो खोलीचं नाही, कॉइलचं दहा-बारा अंश तापमान सांगतो, आणि मशीनला वाटतं खोली गार झाली. कंप्रेसर पाच मिनिटांत बंद होण्याचं इतकं सोपं आणि इतकं दुर्लक्षित कारण दुसरं नाही. सेन्सर क्लिपमध्ये परत बसवा. क्लिप तुटली असेल तर प्लास्टिकच्या पट्टीने बांधा, पण टोक मोकळ्या हवेत राहील असं.

इथपर्यंतचं सगळं कोणीही करू शकतं. यापुढे पेचकस लागतो. मशीन वॉरंटीत असेल तर इथेच थांबा. उघडल्याची खूण दिसली की फुकट होणारं काम पैशांचं होतं.

६. वायर, उंदीर, कनेक्टर

प्लग काढून किमान दहा मिनिटं थांबा. कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते. इन्व्हर्टर मशीन (कंप्रेसरचा वेग कमी-जास्त करणारं; घरचा बॅटरीचा इन्व्हर्टर नव्हे) असेल तर हे घरी उघडू नका, त्याच्या कार्डावर बराच वेळ धोकादायक व्होल्टेज राहतं.

मागचं झाकण उघडल्यावर आधी वायर डोळ्यांनी पूर्ण तपासा. जूनमध्ये कोपऱ्यात ढकललेलं मशीन मार्चमध्ये काढतात आणि मधल्या काळात धान्य-कापसाच्या खोलीतल्या उंदरांनी सेन्सरची बारीक वायर कुरतडलेली असते. मोटरची जाड वायर शाबूत आणि सेन्सरची तुटलेली, हे नेहमीचं. कार्डावर मेलेली पाल किंवा मुंग्यांचं वारूळ दिसलं तर कोरड्या मऊ ब्रशने काढा. खाली काळा डाग किंवा जळकट वास असेल तर पुढे जाऊ नका.

सेन्सरचा कनेक्टर दोन पिनांचा, पांढरा असतो. आधी मोबाइलवर फोटो काढा, मग प्लास्टिकला धरून ओढा, वायरला धरून नाही. पिनांवर पांढरी-हिरवी भुकटी असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर (विजेचे जोड साफ करायचा स्प्रे) मारा, पाच-सहा वेळा घाला-काढा, वाळू द्या. रॉकेल, पेट्रोल, पॉलिश पेपर यातलं काही वापरू नका. गंजलेल्या जोडाने रोध वाढतो आणि वाढलेला रोध म्हणजे कार्डाच्या दृष्टीने थंडी. म्हणून खोली तापलेली असतानाही पडदा १८ दाखवतो. याउलट सेन्सरच्या टोकाला तडा जाऊन आत ओल शिरली तर रोध घटतो, कार्डाला गरमी दिसते आणि कंप्रेसर थांबत नाही.

७. मल्टीमीटर

तीन-चारशे रुपयांचा डिजिटल मल्टीमीटर पुरतो. सेन्सर कार्डावरून सोडवा, मीटर २० किलो-ओहमवर (ओहम हे रोधाचं माप) ठेवा, दोन पिनांना टोकं लावा. मीटर '१' किंवा 'ओएल' दाखवत असेल तर आधी २०० किलो-ओहमवर करून बघा. तरीही तेच तर सेन्सर किंवा वायर तुटलेली. शून्याजवळ असेल तर शॉर्ट.

मधला आकडा आला तर घाई करू नका. सेन्सरवर किंवा पुस्तिकेत ५, १०, १५ किंवा २० किलो-ओहम असं लिहिलेलं असतं, पण ते २५ अंशाला. मे महिन्यात आपल्याकडे २५ अंश कुठे असतात? १० किलोचा चांगला सेन्सर ४३ अंशाला ४.७ ते ५.२ किलो-ओहमच दाखवेल. "दहाचा हवा होता, पाचच आला" म्हणून कितीतरी चांगले सेन्सर फेकले जातात. १० किलोच्या सेन्सरचे ढोबळ आकडे असे:

- ० अंश: २७ ते ३३ किलो-ओहम
- २५ अंश: १०
- ३० अंश: ८ ते ८.३
- ४० अंश: ५.३ ते ५.८

५ किलोचा असेल तर याच्या साधारण निम्मे, २० किलोचा असेल तर दुप्पट.

खात्रीची परीक्षा बर्फाची. ग्लासभर फोडलेला बर्फ, तो बुडेल इतकंच पाणी, नीट ढवळून पाच मिनिटं. सेन्सरचं टोक पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून बुडवा, आकडा स्थिर झाला की २०० किलोच्या रेंजवर वाचा. किती किलोचा आहे हे माहीत नसलं तरी चालतं: बर्फातला आकडा ४० अंशाच्या खोलीतल्या आकड्याच्या पाच-सहा पट यायला हवा. तेवढा आला आणि वायर हलवताना आकडा उड्या मारत नसेल तर सेन्सर ठणठणीत आहे.

मग कार्डाची परीक्षा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात एक-दोन रुपयांना १० किलो-ओहमचा रेझिस्टर मिळतो. सेन्सर १० किलोचा असेल तर त्याच्या जागी तो कनेक्टरमध्ये बसवा, टेप लावा, झाकण पूर्ण बंद करा आणि मगच प्लग लावा. कार्डाला वाटेल खोली २५ अंश आहे. कोड गेला तर कार्ड चांगलं, दोष सेन्सरकडे. कोड राहिला तर कार्डाकडे. झाकण उघडं ठेवून वीज लावून बघायचा मोह नको. परीक्षा झाली की प्लग काढून पुन्हा दहा मिनिटं थांबा आणि रेझिस्टर काढून घ्या.

८. सेन्सर बदलताना

तालुक्याच्या स्पेअरच्या दुकानात "एसीचा सेन्सर द्या" म्हटलं की जो हाताला लागेल तो मिळतो. जुना सोबत न्या. किलो-ओहम तोच हवा, पुस्तिकेत बी-व्हॅल्यू (तापमानानुसार रोध किती बदलतो ते सांगणारा आकडा) दिली असेल तर तीही जुळवा. १० किलोच्या जागी ५ किलोचा लावला तर ४० अंशाची खोली कार्डाला साठीच्या आसपास दिसते आणि नवा सेन्सर लावूनही मशीन वेड्यासारखं वागतं. कॉइलला तांब्याच्या टोपीचाच लावा. काळ्या थेंबाचा तिथे ओलीने लवकर जातो.

वायर जोडायची वेळ आली तर सेन्सर वायरीसकट मशीनपासून दूर नेऊन सोल्डर करा आणि वर हीट-श्रिंक नळी (गरम केली की आवळून बसणारी) चढवा. नुसती पिळून टेप लावली की पहिल्याच पावसाळ्यात ओल धरते. जोड कॉइलपासून दूर आणि वर ठेवा. कॉइलचा सेन्सर त्याच्या नळीत पूर्ण आत जायला हवा, अर्धा बाहेर राहिला तर तो हवा मोजतो आणि बर्फ ओळखतच नाही.

इथे थांबा, मेकॅनिकला बोलवा

- मशीनच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, एमसीबी पडते, जळका वास येतो. घराला अर्थिंग नसेल तर आधी इलेक्ट्रिशियन, मग एसी.
- सेन्सर बर्फाच्या परीक्षेत पास, कनेक्टर स्वच्छ, रेझिस्टर लावूनही कोड कायम. हे कार्डाचं काम.
- कंप्रेसर चालू आहे, जाळी साफ आहे, तरी कॉइल अर्ध्या तासात गार होत नाही किंवा तिचा एकच कोपरा गोठतो. हा गॅस कमी झाल्याचा संशय. तांब्याच्या जोडांवर तेलकट डाग असेल तर जवळजवळ नक्कीच.

गॅसच्या नळ्यांना स्वतः हात लावू नका. मागच्या स्टिकरवर आर-२९० लिहिलेलं असेल तर तो प्रोपेन आहे, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅससारखाच पेट घेणारा. आर-३२सुद्धा सौम्य ज्वलनशील आहे. अशा मशीनजवळ चूल, बिडी, सोल्डरिंग काहीही नको.

बोलावताना फोनवर कोड, तो कधी येतो, चालू असतानाचं व्होल्टेज आणि सेन्सरचे दोन्ही आकडे (खोलीतला आणि बर्फातला) सांगा, मागच्या स्टिकरचा फोटो पाठवा. म्हणजे तो योग्य भाग घेऊन एकाच खेपेत येईल. कार्ड बदला म्हणाला तर सेन्सरचा रोध तुमच्यासमोर मोजायला सांगा. मशीन दुकानात न्यावं लागलं तर टाकी रिकामी करून उभंच न्या. ऑटोत आडवं टाकावंच लागलं तर कंप्रेसरचं तेल नळ्यांत जातं, म्हणून परत आणल्यावर रात्रभर उभं ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी प्लग लावा.